अंगठ्याखालचा नाद

आश्विनातल्या एकादशीला भिलाबुवांनी गळ्यातला हार काढला आणि तो सुकलालच्या डोक्यावरून पलीकडे गेला. झालं ते एवढंच. पण मुरलीधराच्या मंदिरात दुसऱ्या खांबाशी बसलेल्या सुकलालने मान पुढे केलेली होती, डोळे मिटलेले होते, आणि जुवाची वाट पाहणाऱ्या बैलासारखी ती मान तशीच पुढे राहिली. बावीस वर्षं तो हार तोच ओवत आला होता. एकादशीच्या सकाळी भट्टीवरचं काम टाकायचं, हात राखेने दोनदा धुवायचे, कारण भट्टीत गाळलेल्या रोशा गवताच्या सुगंधी तेलाचा वास फुलाला लागला की ते फूल तेलाचं होतं, देवाचं राहत नाही. मग झेंडू, तुळस, मधे एखादं कण्हेर. दुपारच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की तो हार बुवांच्या गळ्यात पडे, उत्तररंगात घामाने भिजे, आणि आरतीनंतर बुवा तो उतरवून सुकलालच्या गळ्यात घालत. ती ओली, गार फुलं मानेला लागली की पुढचे पंधरा दिवस निभून जात. त्या दिवशी मात्र बुवा म्हणाले, ‘‘आज हा हार तिकडे. ज्या माउलीच्या मस्तकात अनाहत नाद अखंड वाजतो, तिच्या ओटीत.’’ बायकांच्या बाजूला सळसळ झाली. सुकलालने डोळे उघडले, तेव्हा हार त्याच्याच बायकोच्या मांडीवर पडलेला होता आणि ती, कौसाबाई, शेजारच्या हुलासबाईच्या खांद्यावरून डोकं उचलत, झोपेने जड झालेल्या जिभेने विचारत होती, ‘‘आरती व्हयनी का वं?’’

ती झोपलेली होती. हे सुकलालला विसरता येईना. घरी जाताना, मंदिराच्या पायऱ्यांवर, हस्तीमलशेटच्या पेढीवरून जाताना लोक बाजूला सरत होते ते त्याच्यासाठी नव्हे, हेही कळत होतं. पण त्याहून जास्त हे, की ती झोपलेली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कीर्तनात झोपत होती. मृदंगावर थाप पडली, टाळ खणाणले की लोकांच्या अंगावर रोमांच यावे आणि हिची मान पडावी. किती वेळा त्याने घरी येऊन सुनावलं होतं की देवाच्या दारात घोरण्यापेक्षा घरी भाकरी थाप. ती हसायची. आणि तो, ज्याचा कान सबंध नंदुरबारात मानलेला, जो भट्टीतल्या हंड्याचा आवाज ऐकून सांगायचा की आता पाणी संपत आलं, आता तेल सुटलं, आता जाळ काढा. तोरणमाळाकडून गवताच्या पेंढ्या घेऊन येणारा डोंगरसिंग म्हणायचा की सुकलालभाऊ हंड्याशी बोलतो. तो बावीस वर्षं पहाटेला डोळे मिटून, अंगठ्यांनी कान बंद करून बसत होता. बुवांनीच सांगितलं होतं की कान बंद केले की आत देव वाजतो. सुकलालला आत काहीही ऐकू आलं नव्हतं. कान बंद केल्यावर सगळ्यांना येते ती घरघर, तेवढीच. दरवाजा बाहेरून ठोठावणाऱ्याला आतून कुणी ओ द्यावी ना, तशी ओ कधीच आली नव्हती.

कौसाबाईच्या डोक्यातला नाद बाहेर फुटला तो हुलासबाईच्या तोंडून. पापड लाटताना कौसाबाई बोलून गेली, की डोक्यात उजवीकडे लोहाराचा भाता चालतो, झूं झूं, दिवसभर. जिना चढलं की जोरात. हुलासबाईने ते बुवांच्या कानावर घातलं. आणि भाद्रपदातल्या कीर्तनात, ऐन गजरात, झोपेतच कौसाबाईचा डावा हात मांडीवर उडायला लागला. आधी अंगठा, मग पंजा, मग कोपरापर्यंत. बायका म्हणाल्या, ताल धरते आहे, झोपेत ताल धरते आहे. बुवांनी लांबून हात जोडले. सबंध मंदिरात एकट्या सुकलालने पाहिलं, की तो हात तालात नव्हता. मृदंग एकीकडे जात होता आणि हात भलतीकडे. त्याला ते खुपलं. बायकोला काही होतं आहे म्हणून नव्हे. बेताल हाताला लोक हात जोडताहेत म्हणून.

कौसाबाईने एकादशीचा तो हार घरी आणून भट्टीच्या तांब्याच्या हंड्याच्या गळ्यात घातला. ‘‘हाऊ बी दिनभर झूं झूं करस,’’ ती म्हणाली. ‘‘याले हार काब्र नही?’’

सुकलाल दोन दिवस जेवताना बोलला नाही. हुलासबाई भिंतीपलीकडून विचारायची, ‘‘भाऊ, आते घरमाच देऊळ व्हयनं तुम्हनं. आमले दर्शनले कवय येऊ द्यासोत?’’ आणि रस्त्यात भेटणारे कौसाबाईची तब्येत विचारत, पण तब्येत या अर्थाने नाही. त्याच्या मनात एक गोष्ट हळूहळू धरत गेली. सायीसारखी वर आली ती, आणि तिला त्याने काळजी असं नाव दिलं. कौसाबाईचं डोकं दुखायचं, सकाळी उजव्या डोळ्यामागे घण पडायचे, हे खरंच होतं. हात उडाला हेही खरं. तेव्हा तिला दाखवायला नको का? दाखवलं पाहिजे. पण आत, जिथे देव वाजायचा राहिला होता तिथे, दुसरंच काही वाजत होतं: डॉक्टर म्हणेल, हा रोग आहे. नाद नाही, रोग. चारचौघांत म्हणेल. मग हार परत येईल.

जवरीलाल डॉक्टर हस्तीमलशेटचा धाकटा मुलगा. पेढीवर बसायचं सोडून मुंबईला शिकला म्हणून बापाने वर्षभर अबोला धरलेला. त्याने कौसाबाईला बाकावर निजवलं, हात-पाय हलवून पाहिले, डोळ्यांत दिवा घातला, आणि मग रबराची नळी कानांत घालून तिचं टोक छातीवर न ठेवता तिच्या मिटलेल्या उजव्या पापणीवर ठेवलं. सुकलालला ते विचित्र वाटलं. डोळ्यावर काय ऐकायचं? डॉक्टर ऐकत राहिला. त्याचा चेहरा बदलला. मग त्याने मानेवर, हनुवटीच्या खाली उजवीकडे दोन बोटं दाबली, परत ऐकलं, बोटं सोडली, परत ऐकलं. ‘‘आवो इकडे,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचा कान चांगला म्हणतात. ऐका.’’ आणि नळीची दोन टोकं त्याने सुकलालच्या कानांत बसवली.

झूंऽ. झूंऽ. झूंऽ.

 तो आवाज बाहेरचा नव्हता. कुठल्या भट्टीचा, भात्याचा, जात्याचा नव्हता; त्यात श्वासासारखं काही होतं आणि पाण्यासारखं काही, आणि प्रत्येक झोक्याच्या शेवटी एक बारीक, लांबणारा, जवळजवळ गोड सूर. बुवा ज्याचं वर्णन करताना डोळे पुसत, तो असाच असेल तर असाच असणार. म्हणजे खरंच होतं. तिच्या कवटीत खरंच वाजत होतं, आणि चाळीस वर्षांत कधी कान बंद करून न बसलेल्या बाईच्या. त्याला रोग ऐकायचा होता. डॉक्टर म्हणतही होता की रोग आहे. पण कानात जे चाललं होतं, त्यापुढे डॉक्टरचे शब्द मंदिराबाहेरच्या चपलांसारखे पडून होते.

‘‘तुमच्या भट्टीत वाफ हंड्यातून नळीत जाते,’’ जवरीलाल समजावत होता, ‘‘नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या घागरीत. तिथं जोर मोडतो, मग थेंब थेंब तेल. पाणी गार नसेल तर?’’

‘‘तर वाफ सरळ जास. घागर तडकस.’’

‘‘तेच. रक्त मोठ्या नाडीतून बारीक बारीक फाट्यांत जायला पाहिजे, तिथं त्याचा जोर मोडतो, मग शांत होऊन परत. हिच्या डोक्यात उजव्या बाजूला ते फाटेच नाहीत. नाडी सरळ शिरेत घुसली आहे. जन्मापासून. गुंता झाला आहे, गांडुळांच्या ढिगासारखा. त्यातून रक्त धावतं त्याचा हा आवाज. त्याच गुंत्यामुळे हात उडतो.’’ मग त्याने आवाज उतरवला. ‘‘आणि घागर तडकते, तसंच.’’

मार्गशीर्षात ते सुरतेवरून मुंबईला गेले. जवरीलालच्या गुरूने, एका वयस्क, कोरड्या बोलण्याच्या सर्जनने, डोक्याचं क्ष-किरण चित्र काढवलं, पापणीवर नळी ठेवली, आणि काही न लपवता सांगितलं. असंच ठेवलं तर दहा वर्षंही जातील, उद्याही फुटेल. फुटला तर जीव जाईल किंवा अर्धं अंग. कवटी उघडून गुंता कापायला गेलं, तर रक्त आवरत नाही. क्ष-किरणांनी तो आकसतो म्हणतात. आकसतोच असं त्यांनी पाहिलेलं नाही. मानेतली उजवी मोठी नाडी बांधून टाकली तर आतला जोर उतरेल. पूर्ण बरं होईल असं नाही, आवाज काही वर्षांनी परतही येतो, पण धोका कमी होईल. मात्र एकदम बांधली तर मेंदूचा उजवा भाग उपाशी राहील आणि डावं अंग जाईल. म्हणून आधी सवय. घरी दोन वेळ ती नाडी अंगठ्याने दाबून धरायची, एका मिनिटापासून सुरू करून वाढवत न्यायची, म्हणजे डावीकडची नाडी पलीकडचं काम शिकते. दाबलेलं असताना बाईचा डावा हात चालू पाहिजे. हात थांबला, बोबडी वळली, की अंगठा तत्काळ सोडायचा. ‘‘महिनाभरात पंधरा मिनिटं व्हायला हवीत,’’ ते म्हणाले. ‘‘झाली की घेऊन या. फार लांबवू नका.’’ आणि जवरीलालने परतल्यावर अंगठा नेमका कुठे ठेवायचा ते दाखवलं, आणि सुकलालने मागितली म्हणून आपली जुनी नळीही दिली. आवाज थांबला की नाडी बरोबर दाबली गेली, दुसरी खूण नको.

हात चालू ठेवायला काय द्यायचं, यावर कौसाबाईनेच देवघरातल्या चिपळ्या काढल्या. भिलाबुवांच्या गुरूंच्या हातच्या त्या, सुकलालला प्रसाद म्हणून मिळालेल्या. त्याने कधी वाजवल्या नव्हत्या, हळद-कुंकू वाहून ठेवलेल्या होत्या. त्या तिने डाव्या हातात घेतल्या आणि खणखण वाजवून पाहिल्या. त्याला वाईट वाटलं. 

पहिल्या दिवशी ओसरीवर ती निजली, तो उशाशी बसला. भट्टीसाठी ठेवलेलं घड्याळ समोर. अंगठ्याखाली नाडी उडत होती, पकडलेल्या चिमणीसारखी. त्याने दाबलं. कानातल्या नळीत झूंऽ झूंऽ बारीक झालं, बारीक झालं, आणि बंद. काहीही नाही. त्याच्या कानाला मिळत आली होती तीच बावीस वर्षांची शांतता, आता तिच्या डोक्यात. आणि देवा, त्याला बरं वाटलं. एक मिनिटभर दोघं सारखे झाले. तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती डोळे मिटून चिपळ्या वाजवत होती. मिनिट संपलं, त्याने अंगठा उचलला आणि आवाज धावत परत आला, गोठ्याचं दार उघडताच वासरू यावं तसा, आणि त्या येण्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवसापासून त्याचं दाबणं ढिलं होत गेलं. आधी म्हणाला, थोडं ऐकू आणि मग दाबू. मग अर्धं ऐकायचं, अर्धं दाबायचं. माघ उजाडेपर्यंत असं झालं, की अंगठा मानेवर नुसता टेकलेला असे, पापणीवर नळी असे, उजव्या हातात तुळशीची माळ असे, आणि सुकलाल तिच्या डोक्यातल्या प्रत्येक झोक्यावर एक नाम घेई. झूंऽ, रामकृष्णहरी. झूंऽ, रामकृष्णहरी. पहाटे कान बंद करून बसणं त्याने सोडलंच. जे आपल्यात नाही ते शेजारच्या घरात असेल तर भिंतीला कान लावायला काय हरकत? पण भिंतीला कान लावणाऱ्याचा राग जात नाही, तो वाढतो. नळी काढली की कौसाबाई उठायची, पदर झटकायची, ताकाचं मडकं उचलायची, आणि तो नाद तिच्याबरोबर चुलीकडे निघून जायचा. ती त्याच्याकडे लक्षही द्यायची नाही. चोराला श्रीमंताचा राग येतो तो ह्याचाच असेल, की श्रीमंत आपल्या तिजोरीवर पाय ठेवून खुशाल झोपतो. जवरीलालने विचारलं तर सुकलाल सांगायचा, पाच मिनिटांवर हात अडखळतो, अजून वेळ आहे. ‘‘इतके दिवस?’’ डॉक्टर भुवया चढवायचा. मुंबईहून त्या सर्जनचं पत्र आलं, कधी येता म्हणून. सुकलालने ते घडी करून देवघरात ठेवलं. भिलाबुवा मध्ये एकदा येऊन गेले. म्हणाले, नाडी बांधून नाद बंद करायचा म्हणजे देवळाला कुलूप लावणं, विचार कर. सुकलालने मान हलवली, आणि पहिल्यांदाच त्याला बुवांचं बोलणं आपल्या सोयीचं वाटलं, आणि म्हणून त्यातली गोडी गेली.

फाल्गुनातल्या एका सकाळी, भट्टी विझलेली होती आणि ओसरीवर ऊन आलं होतं. चिपळ्या वाजत होत्या, नळीत झोका येत होता, माळेचे मणी सरकत होते. अडीचशे का तीनशे झाले असतील. एकाएकी चिपळ्यांचा ताल मोडला. खण, खणखण, ख. त्याने पाहिलं, तर तिचा अंगठा उडत होता, मग पंजा. चिपळ्या फरशीवर पडल्या, कोपर उडायला लागलं, तोंडाची डावी बाजू ओढली गेली. सुकलालने अंगठा झटकन उचलला, आणि उचलताना त्याला कळलं, की उचलायला काही नव्हतंच. त्याने दाबलंच नव्हतं. झटका दाबण्याने आलेला नव्हता. त्याच्या कानात नळी अजून होती, आणि आतला आवाज अडला नव्हता की कमी झाला नव्हता. तिचा देह असा ओढला जात असताना तो तसाच, त्याच गोडीने, झूंऽ झूंऽ चालला होता. त्याला तिची ओळखच नव्हती. सुकलालने नळी कानांतून उपटली.

हात हळूहळू निवला. ओठाच्या कोपऱ्यातली लाळ त्याने धोतराच्या सोग्याने पुसली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाणी प्यायली. मग आढ्याकडे बघत, जड जिभेने, पण रागाशिवाय म्हणाली, ‘‘आज बी दाबं नही ना तुम्ही.’’

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

‘‘माले कळस. दाबं की बंद पडस. महिना व्हयना, बंद पडनं नही.’’

‘‘मंग बोलनी काब्र नहीस?’’

‘‘काय बोलू? वीस-बावीस वरीसमा मन्हं काही तुम्हले इतलं गोड लागनं नही. ना भाकर, ना बोलनं. मी म्हनं, आयकू दे. मन्हंच शे ना.’’ ती थोडी हसली. ओठाचा डावा कोपरा मागे राहिला. ‘‘माले नही लागस गोड. धाकली व्हती तवयपासून वाजी ऱ्हायनं. माले वाटे बठ्ठासलेच वाजस. लोके कीर्तनमा डोळा मिटतस, ते हाईच आयकतस, असं वाटे.’’

‘‘आनी तू झोपस.’’

‘‘झोपसूच. बठ्ठा दिनमा तठेच ते माले आयकू येत नही. मृदंग वाजस, टाळ वाजतस, त्यान्हाखाल ते दबी जास. तितलंच निजायले भेटस माले. देव बरा म्हनू, एक तास तरी बंद करस.’’

उन्हाची तिरीप तिच्या पायावरून सरकत भिंतीकडे गेली होती.  किती एकादश्या, सुकलालला वाटलं, किती एकादश्या ती टाळांच्या त्या गोंगाटाखाली, अंगावर पांघरूण ओढून घ्यावं तशी निजत होती, आणि तो खांबाशी बसून तिच्या मानेकडे रागाने बघत होता. आपण मागत आलो ते तिला नको होतं. तिला हवं होतं ते आपल्याला फुकट मिळालेलं होतं. पहाटेच्या पहाटे, काठोकाठ, आणि आपण त्याला रिकामं म्हणत होतो. हेवा करायचा तर कुणी कुणाचा करायचा? पण हेवा एवढ्याने मरत नाही. आता तो तिच्या त्या तासभराच्या झोपेचा करू लागला. देवाने मांडीवर घेऊन निजवलं ते हिला. आपण दर वेळी जागेच.

त्याने नळी गुंडाळली आणि देवघरात, मुंबईच्या पत्राजवळ ठेवली. पत्र घेऊन जवरीलालकडे गेला आणि खरं काय ते सांगितलं. जवरीलालने पत्र वाचलं. मग म्हणाला, पंधरा दिवस. पंधरा दिवसांत बारा मिनिटं तरी करा, मी लिहून कळवतो. आणि हात उडू नये याचं औषध दिलं.

आता नळी नव्हती. अंगठ्याखाली नाडी बंद पडली की नाही, हे तिलाच विचारावं लागे. ‘‘बंद?’’ ‘‘अजून नही. जराक मांगे. हां. व्हयनं.’’ आणि मग तिचं तोंड सैल पडे. कपाळावरची, कायम असणारी म्हणून त्याला कधी न दिसलेली, बारीक आठी उलगडे. तीन मिनिटं. चार. सात. डाव्या हातात चिपळ्या वाजत राहत, आणि त्याचा सगळा जीव त्या खणखणाटावर टांगलेला असे. एक ठोका चुकला तर अंगठा सोडायचा. हंडा ऐकायचा तसं तो ऐके. नऊ. दहा. कीर्तनात बुवांच्या चिपळ्या त्याने बावीस वर्षं ऐकल्या होत्या, पण अशा नाही, की पुढचा ठोका येईल की नाही याची खात्री नसावी, आणि तो यावा, आणि परत यावा.

चैत्रातल्या पहिल्या सोमवारी मुंबईची गाडी होती. रविवारी सकाळी त्यांनी पंधरा मिनिटं करायची ठरवली. हुलासबाई दारात येऊन बसली होती, पदर तोंडाला लावून. बारा झाली. तेरा झाली. घड्याळाचा काटा चौदाव्याकडे निघाला आणि चिपळ्या थांबल्या.

त्याने अंगठा असा उचलला, की हात मागच्या खांबावर आपटला. ‘‘कौसा.’’ इतक्या वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. ‘‘कौसा, बोल.’’

तिने एक डोळा उघडला. ‘‘माशी बसनी व्हती नाकवर,’’ ती म्हणाली. ‘‘उचली दिधा ना अंगठा. करा आते पह्यलेपासून.’’

हुलासबाई पदरात हसली, की रडली. सुकलालने धोतराला हात पुसला. अंगठा परत जागेवर ठेवला, जराक मागे. नाडी उडाली, धडपडली. ‘‘बंद?’’ ‘‘बंद.’’ चिपळ्या सुरू झाल्या.  अंगठा ढळू नये म्हणून त्याने तोंडाने नाम धरलं, हळू, घशातल्या घशात. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. ज्याच्या कानाची सगळ्या गावात ख्याती, त्याचा आवाज एकदा चिपळ्यांच्या पुढे धावत होता, एकदा मागे राहत होता.

‘‘अहो,’’ कौसाबाई डोळे न उघडता म्हणाली, ‘‘तालमा म्हना.’’